लहान मुलांचं रूटीन: आईबापाचा ताण कमी करतं की वाढवतं?

मुक्तछंदी
सरळ प्रश्न विचारते. लहान मुलांचं रूटीन बसलं की आईवडिलांचा ताण कमी होतो, असं डॉक्टरांपासून सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपपर्यंत सगळे सांगतात. माझ्याकडे उलटंच चाललंय. रूटीन बसवण्याच्या नादातच माझा पारा चढतो.

पार्श्वभूमी: आम्ही वाकडला राहतो, दोघंही आयटीत. मुलगा साडेतीन वर्षांचा, नर्सरीत जातो. शाळा सुटली की पाळणाघर, साडेसहाला घरी. फ्रिजवर तक्ता लावलाय. ७ ला जेवण, ७.३० ला खेळ, ८ ला अंघोळ, ८.३० ला गोष्ट, ९ ला झोप. प्रत्यक्षात ७ वाजता अमेरिकेचा कॉल सुरू असतो, नवरा ट्रॅफिकमध्ये अडकलेला असतो आणि पोरगा सोफ्यावरून उड्या मारत असतो. नऊला झोपला नाही की माझा आवाज चढतो, माझा आवाज चढला की त्याची उरलीसुरली झोपही उडते. साडेदहाला कधीतरी डोळा लागतो. मग मी लॅपटॉप उघडते. सकाळी त्याला उठवणं हे वेगळंच महाभारत.

सासूबाई म्हणतात, "आमच्या वेळी कुठे होते तक्ते? पोरं आपोआप झोपायची." नवरा म्हणतो, "तू उगाच ताण घेतेस."

तर, रूटीन विस्कटलं म्हणून ताण येतो, की ताणलेल्या घरात रूटीन बसतच नाही? अनुभव लिहा. 'मोबाईल देऊ नका' हे सोडून. ते मला माहीत आहे, आणि तरी मी देते.

निशाचर_बाबा
मी पहिला! जागा अडवून ठेवतोय. पोरगी झोपली की सविस्तर लिहितो.

आळशी_कासव
@निशाचर_बाबा, म्हणजे तुमचा प्रतिसाद पुढच्या वर्षी.

खमंग_काकडी
मुक्तछंदी, तुझा तक्ता वाचूनच धाप लागली. हे रूटीन नाही गं, रेल्वेचं वेळापत्रक झालं. एक गाडी लेट झाली की मागच्या सगळ्या खोळंबणार.

आम्ही डोंबिवलीचे, दोघांच्याही नोकऱ्या मुंबईत. घरी कधी पोचायचं हे आमच्या हातात नाहीच, लोकल ठरवते. म्हणून आम्ही घड्याळ काढून टाकलं आणि क्रम तेवढा ठेवला. आल्यावर हातपाय, मग जेवण, मग बाबाच्या पाठीवर घोडा-घोडा, मग दात, मग दिवा मालवून चिऊकाऊ. सातला सुरू होवो नाहीतर साडेआठला, क्रम तोच. उशीर झाला तर प्रत्येक गोष्ट आखूड करायची पण गाळायची नाही. पावसाळ्यात आमची चिऊ काऊला थांब म्हणतच नाही, पहिल्या हाकेला दार उघडते.

आळशी_कासव
बाळाला न्हाऊमाखू न घालता दार उघडणारी चिऊ! काऊला धक्काच बसला असेल.

चकलीताई
मुक्तछंदीच्या सासूबाईंच्याच वयाची असेन मी, म्हणून लिहिते. 'आपोआप झोपायची' यात फारसं तथ्य नाही. आमच्या साताऱ्याच्या घरात आम्ही सात पोरं. दिवेलागणीला देवापुढे बसून शुभंकरोती, मग पाढे, मग स्वयंपाकघरात ओळीने पाटावर. मऊभात, तूप, मेतकूट. मग माजघरात लांबलचक अंथरूण आणि आत्याची एकच गोष्ट, रोज तीच. घड्याळ कुणी पाहत नव्हतं हे खरं, पण आज काय आधी आणि काय नंतर असा प्रश्नही कधी पडला नाही. खमंग_काकडी म्हणते तो क्रम आमच्याकडे भिंतीत चिणल्यासारखा पक्का होता.

आता दुसरी बाजू. आम्ही झोपल्यावर आई स्वयंपाकघरात किती वाजेपर्यंत होती, हे आम्हाला कुणालाच माहीत नाही. तिला ताण होता का, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. मला स्वतःला सुद्धा सून घरात आल्यावर सुचलं. तेव्हा सासूबाईंना 'तुमच्या वेळी' हे सगळं कोण सांभाळत होतं ते विचार. भांडणासाठी नाही, गप्पांसाठी.

वरणफळ
अवांतर: चकलीताई, मेतकूट घरचं का? प्रमाण द्या ना.

चकलीताई
वेगळ्या धाग्यावर देते. इथे दिलं तर मुख्य विषय मेतकुटात जाईल.

बालडॉक्टर_नाशिक
पेशाने बालरोगतज्ज्ञ आहे. खमंग_काकडी यांचा अनुभव संशोधनाला धरूनच आहे. अमेरिकेत जोडी मिंडेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. ४०५ आया, मुलं साधारण ७ महिने ते ३ वर्षांची. पहिला आठवडा नेहमीसारखा. पुढचे दोन आठवडे काही आयांनी रोज रात्री एकच क्रम पाळला: अंघोळ, अंगाला तेल किंवा लोशन, मग अंगाई किंवा शांत खेळ, आणि अंघोळीनंतर अर्ध्या तासात दिवे बंद. मुलं लवकर झोपू लागली, रात्री उठणं कमी झालं. धाग्याच्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे आयांची मनःस्थितीही मोजली होती आणि तीही सुधारली.

'आधी काय' याचं उत्तर द्यायचं तर गाडी दोन्ही दिशांनी धावते. अपुरी झोप झालेलं मूल मलूल होत नाही, उलट चेकाळतं. त्याने आई थकते. थकलेल्या आईकडून आज दटावणी, उद्या 'बरं बाई, बघ एक व्हिडिओ', परवा रडारड. उद्या काय होणार हे मुलाला कळेनासं झालं की ते रोज नव्याने ताणून बघतं. कुठूनही सुरुवात केली तरी चक्र तेच. पण थकवा कमी करणं हे कुणाच्या एकट्याच्या हातात नसतं, क्रम बदलणं थोडंफार असतं. म्हणून आम्ही तिथून सुरुवात करायला सांगतो.

मुक्तछंदी, एक विचारायचं राहिलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांप्रमाणे ३ ते ४ वर्षांच्या मुलाला २४ तासांत १० ते १३ तास झोप लागते, आणि त्यात दुपारची झोप धरलेली आहे. तो दुपारी किती झोपतो?

टवाळ_टोळ
डॉक्टर, त्या अभ्यासाचा खर्च बाळांचे साबण-तेल विकणाऱ्या कंपनीने केला होता ना? आणि क्रमात नेमकी अंघोळ आणि मालिश! हलके घ्या.

बालडॉक्टर_नाशिक
हो, केला होता, आणि शंका रास्त आहे. म्हणून मी कुणाला लोशन लिहून देत नाही. अंघोळीचं महत्त्व नाही, रोज तेच होण्याचं आहे. पाय धुऊन तळपायाला घरचं तेल चोळलं तरी भागतं.

मुक्तछंदी
पाळणाघरात आत्ताच मेसेज करून विचारलं. दीडला झोपतो आणि पावणेचारला उठतो!! आणि मी नऊपासून त्याला थोपटतेय.

पाळणाघरवाली_मावशी
मी ठाण्यात पाळणाघर चालवते, बरीच वर्षं झाली. रोज एक तरी आई विचारते, "मावशी, तुमच्याकडे कसा हो झोपतो? घरी तर नाचतो." जादू काही नाही. जेवणं झाली की सतरंज्या पसरायच्या, पडदे ओढायचे. सगळी पोरं आडवी होतात म्हणून उरलेल्यालाही व्हावं लागतं. आणि मी कुणाला 'झोप ना रे' म्हणत नाही. पडून राहा, म्हणते. झोप नाही आली तर पंख्याकडे बघ. घरी आई शेजारी पडलेली असते, पण तिच्या डोक्यात ओट्यावरची भांडी आणि उद्याचा डबा. पोराला ते बरोबर कळतं. एक डोळा उघडून बघतं, ही उठतेय का.

दुसरं म्हणजे संध्याकाळ. दिवसभर माझ्याकडे शहाण्यासारखं वागलेलं पोर आई दारात दिसली की भोकाड पसरतं. चप्पल नको, मोज्याची शिवण टोचते, दप्तर तू घे, नको मीच घेणार. लिफ्टचं बटण दुसऱ्या कुणी दाबलं तर परत खाली जाऊन पहिल्यापासून वर यायचं. आयांना वाटतं, मलाच मुद्दाम छळतो. अहो, दिवसभर त्याने स्वतःला आवरून धरलेलं असतं. हक्काचं माणूस दिसलं की सोडून देतं. म्हणून घरी गेल्यावर लगेच जेवण-अंघोळीच्या मागे लागू नका. थोडा वेळ नुसत्या जमिनीवर बसा त्याच्याजवळ. कुकर उशिरा लागला तर कुणी उपाशी मरत नाही.

मुक्तछंदी, पाळणाघरात सांग की पावणेतीनला उठवा. फक्त 'तुमच्यामुळे रात्री झोपत नाही' अशा सुरात नको. पोरं अर्धवट झोपेतून उठवली की किरकिरतात, ती आम्हालाच सांभाळायची असतात.

आणि सर्व पालकांना हात जोडून: बंद व्हायची वेळ साडेसात म्हणजे साडेसातच. 'पोचतेच आहे मावशी' हे सिग्नलवरून सांगतात, कळतं आम्हाला.

खमंग_काकडी
मावशींचा प्रतिसाद छापून दारावर लावते. शेवटचा परिच्छेद सोडून.

आकडेमोडे
सगळा धागा आई-आई चाललाय म्हणून दोन आकडे. २०२४ च्या केंद्र सरकारच्या वेळ-वापर सर्वेक्षणात, विनामोबदला घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात आणि जे पुरुष ते करतात ते ८८ मिनिटं. म्हणजे मूल सांभाळण्याची वेळ वेगळी, हे फक्त केर-भांडी-स्वयंपाक वगैरे. मुक्तछंदीच्या तक्त्यात ७ ते ९ मध्ये पाच कामं आहेत. कुठल्या कामापुढे कुणाचं नाव आहे?

आणखी गंमत. प्रसूती लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली तेव्हा ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय बंधनकारक केली. दिवसातून चार वेळा मुलाला भेटायला जाण्याची मुभा दिली. कुणाला? आईला. बाप जणू त्या इमारतीत कामालाच नाही.

चाकणचा_फिटर
आकडेमोडे, बाप आहे इमारतीत, पण थर्ड शिफ्टला. माझी शिफ्ट दर आठवड्याला फिरते. फर्स्टला असलो की संध्याकाळी घरी, सेकंडला असलो की पोरगी माझं तोंड रविवारी बघते, थर्डला असलो की ती शाळेला निघते तेव्हा मी दारात. आता सांगा, कसला क्रम पाळू? बायको म्हणते, तू घरी असलास की जास्त गोंधळ होतो, कारण त्या आठवड्यात पोरगी झोपतच नाही, बाबा-बाबा करत. ऐकायला बरं वाटतं, पण बायकोच्या डोळ्याखालची वर्तुळं बघितली की नाही वाटत.

खमंग_काकडी
@चाकणचा_फिटर, संध्याकाळ तुमच्या हातात नाही तर एखादं वेगळं काम पक्कं तुमचं करा. माझ्या भावाची पण शिफ्टच आहे. पोराची नखं कापणं, केस धुणं आणि रविवारचं तेल ही कामं फक्त त्याची. वहिनी हातसुद्धा लावत नाही. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात तो निघायच्या आधी गोष्ट मोबाईलवर बोलून ठेवतो, रात्री ती लावतात. मोबाईल बघायचा नाही, पालथा ठेवून ऐकायचा.

चाकणचा_फिटर
हे भारी आहे. आमच्या लाइनवर आवाज फार असतो, पण कॅन्टीनमध्ये जमेल.

आळशी_कासव
"एक होती चिऊ... ए वडापाव संपला का रे... एक होता काऊ."

फ्रांकफुर्टी_फणस
इथल्या पद्धतीचं सांगतो. जर्मनीत आमच्या आजूबाजूची पोरं सात-साडेसातला बिछान्यात. जूनमध्ये तेव्हा बाहेर लख्ख ऊन असतं, साडेनऊपर्यंत उजेड, म्हणून खिडक्यांची बाहेरची शटर्स खाली ओढायची आणि रात्र करायची. डिसेंबरात साडेचारलाच अंधार, तेव्हा पोरं पाचला विचारतात, झोपायचं का? सूर्य फितूर असलेल्या देशात घड्याळाशिवाय इलाज नाही, हे मला इथे आल्यावर पटलं.

पण शिस्तीचे गोडवे गायला आलो नाही. पालक पार कोळपून जातात, ज्याला पालकत्वाचा बर्नआउट म्हणतात, त्यावर ४२ देशांत झालेला एक मोठा अभ्यास २०२१ साली आला. त्यात व्यक्तिवादी संस्कृतीच्या देशांत प्रमाण जास्त दिसलं. इथे ते डोळ्यांना दिसतं. सगळं वेळेवर, सगळं नीटनेटकं, आणि ताप आला तर मूल ठेवायला हक्काचं एक घर नाही. आई तीन महिने आली होती तेव्हा पोरांचं रूटीन साफ कोलमडलं. साडेनऊपर्यंत आजीच्या कुशीत, हातात शंकरपाळे. आणि तेच तीन महिने आम्ही दोघं नवराबायको एकमेकांवर खेकसलो नाही.

सून_नंबर_दोन
फणस, तुमच्या आई तीन महिन्यांनी परत गेल्या, म्हणून शंकरपाळे गोड लागले. मी कोल्हापूरला नऊ माणसांच्या घरात राहते. माझ्या मुलीला मी आठला जेवू घालते, साडेआठला सासरे ऑफिसातून येऊन फरसाण देतात, नऊला दीर पाठीवर घेऊन कोपऱ्यापर्यंत चक्कर मारतो, साडेनऊला हॉलमध्ये बातम्यांचं भांडण जोरात सुरू असतं. दहाला सगळे म्हणतात, "अगं, हिला अजून झोपवलं नाहीस?" हात नऊ जणांचे, झोपवायची जबाबदारी एकटीची.

एकत्र कुटुंबात कमी ताण असतो म्हणणाऱ्या संशोधकांनी माझ्या घरी एक रात्र मुक्काम करावा. जेवायला तांबडा-पांढरा घालीन.

टवाळ_टोळ
संशोधक यायला तयार आहे. पांढरा थोडा जास्त.

बालडॉक्टर_नाशिक
सून_नंबर_दोन, तुमचं बरोबर आहे. माझ्याकडे आजी-आजोबा मुलाला घेऊन येतात तेव्हा मी औषधाच्या चिठ्ठीवर झोपायची वेळही लिहितो. सुनेने सांगितलं तर ती फॅडं, डॉक्टरने कागदावर लिहिलं तर उपचार. लबाडी आहे, पण चालते.

शाळामास्तर_केज
शाळेच्या वेळेवर कुणीच बोललं नाही. ८ फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयाने पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवायला सांगितलं, २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून. त्याआधी डिसेंबर २०२३ मध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस मुलांच्या अपुऱ्या झोपेबद्दल बोलले होते. मला निर्णय पटला. पण शहरातल्या पालकांचीच तक्रार होती, नऊची शाळा आणि नऊचंच ऑफिस, सोडायचं कुणी? बसवाल्यांचाही विरोध होता, ट्रॅफिकचं कारण देऊन. लेकराच्या झोपेसाठी शाळा सरकवली तर बाकी सगळ्यांनाही थोडं सरकावं लागतं, ते कुणी सरकायला तयार नाही.

आणि थोडं कडू लिहितो, राग मानू नका. आमच्या भागात दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, त्या कारखान्याचा पट्टा पडल्यावरच, म्हणजे गाळप बंद झाल्यावरच परततात. नवराबायको मिळून मजुरीला एक कोयता धरतात. उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले असतात, म्हणून जावंच लागतं. बाई पहाटे तीन-चारला कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत भाकरी थापते, अंधारातच उसाच्या फडात. लहान लेकरू झोळीत नाहीतर वाढ्यांच्या (उसाच्या शेंड्यांच्या) भाऱ्याजवळ गोधडीवर. गाडी रात्री-बेरात्री भरायला आली तर त्याला तसंच उचलून न्यायचं. त्या लेकराची झोप कधी आणि जेवण कधी, ते कारखान्याची गाडी ठरवते. थोड्या मोठ्या लेकरांसाठी गावात हंगामी वसतिगृह असतं किंवा आजी सांभाळते. तशी राहिलेली लेकरं वर्गात ओळखू येतात. दुपारी खिचडीच्या वेळेला ती दाराकडे बघत नाहीत. जी मार्चनंतर फडावरून परत येतात ती पहिले काही दिवस घंटा झाली की दचकतात, आणि ताट समोर आलं की भराभरा गिळतात.

रंगपेटी
गुरुजी, वाचून थांबले थोडा वेळ. राग कसला.

मी वेगळ्या घरातून लिहिते. माझा मुलगा पाच वर्षांचा, ऑटिस्टिक. आमच्याकडे 'रूटीन हवं का' हा प्रश्नच नाही, ते नसेल तर दिवसच उभा राहत नाही. भिंतीवर चित्रांची पट्टी आहे: ब्रश, ताट, बूट, बस, झोपाळा. झालेलं चित्र काढून तो डब्यात टाकतो. डबा बंद व्हायचा 'टक' आवाज झाल्याशिवाय पुढचं काम सुरू होत नाही. मुक्तछंदी, तुझा तक्ता फ्रिजवर कुठल्या उंचीला आहे? तुझ्या डोळ्यांच्या की त्याच्या? आकडे त्याला वाचता येत नाहीत, म्हणजे तो तक्ता तुझ्यासाठीच आहे. तुला नापास करायला.

मला सगळ्यात जड जातात सणाचे दिवस. गणपतीत घरी माणसं, आरत्या, ढोल, जेवणाच्या पंगती. पहिल्या वर्षी मी सगळं पाळायला गेले आणि विसर्जनापर्यंत माझाच चेहरा उतरला. आता गणपतीत फक्त झोपायच्या आधीचं शेवटचं एवढंसं राखते, तीच चादर, तेच गाणं, तोच दिवा. दिवसभर काय व्हायचं ते होवो. नातेवाईक म्हणतात, आरतीला आणलं नाहीस? म्हणते, त्याचा बाप्पा लवकर झोपतो.

वरणफळ
'त्याचा बाप्पा लवकर झोपतो' _/\_

सून_नंबर_दोन
रंगपेटी, 'फक्त शेवटचं राखायचं' हे मी उचलते. नऊनंतरचा अर्धा तास आमच्या खोलीचं दार बंद. दिराला बाहेर पाटी लावून देते.

टवाळ_टोळ
मला मात्र या सगळ्यात एक खटकतं. पोरं काय यंत्रं आहेत? आम्ही मिरजेला गल्लीत धूळ खात वाढलो, झोपलो तिथे झोपलो, कुणीतरी उचलून आत नेलं. काही बिघडलं नाही.

रंगपेटी
कुणीतरी उचलून नेलं ना? त्या 'कुणीतरी'बद्दलच धागा आहे.

टवाळ_टोळ
शस्त्रं म्यान.

मुक्तछंदी
सगळ्यांचे प्रतिसाद अनेकदा वाचले. मध्ये बरेच दिवस गेले, म्हणून थोडं लिहिते.

पाळणाघरात आता पावणेतीनला उठवतात. त्यामुळे साडेनऊच्या आसपास त्याचे डोळे जड होतात. नऊ नाही, साडेनऊ, आणि तेही रोज नाही. तक्ता काढला. चित्रांची पट्टी केली, त्यात त्याने स्वतः डायनोसॉर काढून चिकटवला, दात घासणं आणि गोष्ट यांच्यामध्ये. डायनोसॉर म्हणजे नेमकं काय करायचं ते रोज बदलतं. परवा आम्ही दोघं पलंगाखाली जाऊन गुरगुरलो.

सातचा कॉल हलवायला मॅनेजरला विचारलं, तो हलला नाही. मग नवऱ्याने आठवड्यातले काही दिवस लवकर निघून रात्री उरलेलं काम करायचं ठरवलं. त्या दिवशी सातपासून दिवा मालवेपर्यंत सगळं त्याचं आणि मी दार लावून कॉलवर. पहिल्या आठवड्यात तो दर पाच मिनिटांनी दार ढकलून विचारायचा, 'नाइट ड्रेस कुठाय', 'याला दही चालतं का'. आकडेमोडे, ते तुमच्या मिनिटांत धरलंय का? आता विचारत नाही. मुलाला उलटा टी-शर्ट घालून झोपवतो, पण झोपवतो.

माझ्या प्रश्नाचं म्हणाल तर डॉक्टर म्हणतात तसं चक्र असेलही, पण आमच्या घरात ते नऊ वाजता सुरू होत नव्हतं. साडेसहाला दारात चप्पल काढतानाच मी पुढचे तीन तास मनात पळून आलेली असायचे. नवऱ्याच्या दिवशी तोच मुलगा, तीच पट्टी, आणि तो दहाला झोपला तरी मला काही वाटत नाही. माझ्या दिवशी पावणेदहा झाले की अजूनही दात आवळले जातात.

बालडॉक्टर_नाशिक
झोप छान रुळावर येतेय. पण एक तपासा. तो पाळणाघरात आणि घरी मिळून दिवसाला किती दूध पितो? अर्धा लिटरच्या वर जात असेल तर बाकीचं जेवण मार खातं आणि लोह कमी पडतं. लोह कमी असलेली काही मुलं झोपेत पाय झाडतात, सारखी कूस बदलतात. हे रूटीनने सुटत नाही, रक्त तपासावं लागतं.

मुक्तछंदी
पाय झाडतो! मला वाटायचं, स्वप्नात पण सोफ्यावरून उड्या मारतोय. तपासून घेते.

निशाचर_बाबा
पोरगी झोपली! लिहिणार होतो ते सगळं वर येऊन गेलंय. एकच भर घालतो. आमच्याकडे गोष्ट सांगायचं काम माझं. तिसऱ्या वाक्याला मी झोपतो. पोरगी मला पांघरूण घालते, दिवा मालवते आणि बाहेर जाऊन आईला सांगते, "बाबाला झोपवलं, आता मी काय करू?"

आळशी_कासव
रूटीन बसलंय की! बाबाचं.

जुळ्यांची_आई
नवीन सभासद आहे, याच धाग्यासाठी नाव नोंदवलं. अडीच वर्षांची जुळी. एक पहाटे पाचला कोंबड्यासारखा उठतो, दुसरी रात्री अकरापर्यंत टक्क जागी. मी मधल्या सहा तासांत झोपायचं. दोघांचं एकच रूटीन करू की वेगवेगळं?

पाळणाघरवाली_मावशी
एकच. दोन केलीस तर तू उरणार नाहीस. माझ्याकडे जुळी येऊन गेली आहेत. रात्री दोघांना एकदमच आडवं करायचं, एकीला झोप नसली तरी. सकाळी तिला थोडं थोडं लवकर उठवत जा, म्हणजे रात्री पेंगेल. दुपारची झोप दोघांची एकाच वेळी, आणि तीननंतर कुणालाही झोपू देऊ नकोस. पाचच्या कोंबड्यासाठी खिडकी झाक. उन्हाळ्यात साडेपाचलाच उजेड आत येतो, त्याने उठत असेल.

जुळ्यांची_आई
मावशी, खिडकी पूर्वेचीच आहे. पण जाड पडदे फार महाग सांगतात.

चकलीताई
कशाला विकत आणतेस? जुनी नऊवारी असेल ना घरात, ती दुहेरी करून शीव. वर नाडी ओवायला दोन बोटं जागा ठेव. गडद रंगाची घे, फिकटातून उजेड येतो.